बोलायचं बदाम, असायचं इस्पिक

मंडळी, जरा पुढे सरकून बसा. एकच प्रश्न विचारतो — एखादी गोष्ट न कळणं, ही लाज? का न कळलेलं झाकून ठेवणं, ही लाज? उत्तराची घाई नको. आधी ऐका!

सांगलीत भालचंद्र उकिडवे म्हणून एक गृहस्थ. भूगोलाचे मास्तर. निवृत्त झाले आणि क्लबात ब्रिज खेळायला जाऊ लागले. — आजी, पत्ते म्हटल्यावर कपाळाला आठी नको! हा जुगार नव्हे. समोरासमोर बसलेले दोघे जोडीदार, आणि हातात काय आलंय ते एकमेकांना फक्त बोलीतून कळवायचं. खूण नाही, खाकरणं नाही!

जोडीदार कोण? हिंदुराव माने. पहिलीपासूनचा मित्र.

भालचंद्रपंतांना खेळ यायचा हो, पण क्लबातली भाषा? फिनेस काय, स्क्वीझ काय! जन्मभर मुलांना "न समजेल ते विचारा" म्हणणारा मास्तर — तो आता विचारणार कुणाला? हिंदुराव म्हणाले, "भाल्या, आपण ट्रान्सफर खेळू या ना?"

"हो हो, खेळू की!"

झालं! पुढे आली कपाची स्पर्धा. शेवटचा डाव, जोडी आघाडीवर. पंतांची बोली — एक नो ट्रम्प, म्हणजे बिनहुकमी डाव. हिंदुराव — दोन बदाम.

प्रतिस्पर्धी जोडीतल्या इनामदारबाईंनी विचारलं, "उकिडवे, जोडीदाराच्या बोलीचा अर्थ काय?" विचारायचा हक्क असतो बरं का!

"ट्रान्सफर."

"ते नाव झालं. अर्थ?"

पंतांनी हातातली पानं उगाच पुन्हा लावली. अहो, ट्रान्सफर म्हणजे — बोलायचं बदाम, असायचं इस्पिक! 'मित्रा, माझ्याकडे इस्पिकं आहेत, तू इस्पिक बोल,' असा तो निरोप. पंतांना वाटलं, बदाम म्हणजे बदाम. त्यांनी पास म्हटलं, आणि बदामच हुकूम ठरला!

आता खेळणार हिंदुराव, आणि पंत डमी. म्हणजे आपली पानं टेबलावर उघडी मांडायची आणि तोंड मिटून बघायचं. मांडली — चार सुरेख इस्पिकं! हिंदुरावांच्या हातात बदामाचं एकच पान. ते शांतपणे खेळले, शांतपणे हरले. कप गेला.

बाहेर आल्यावर पंत म्हणाले, "हिंदू, मला ट्रान्सफर म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं. विचारायची लाज वाटली."

"कप गेला, जाऊ दे," हिंदुराव म्हणाले. "पण लाज? माझी? पहिलीत चड्डी ओली केलीस, तेव्हा शेजारी कोण बसलं होतं? मी इतका परका कधी झालो रे?"

पंत हसायला गेले, आणि डोळेच भरून आले.

पुढच्या शनिवारी भर क्लबात ते म्हणाले, "मला स्क्वीझ कळत नाही. कुणी समजावेल का?" आणि इनामदारबाईंनी खुर्ची जवळ ओढली — "सांगा हो कुणीतरी. मलाही ते कधी धड कळलं नाही!"

मंडळी, क्लब राहू दे सांगलीत. आपलं काय? डॉक्टर काही सांगतो — आपण "बरं बरं." नातू काही सांगतो — "हो हो." आणि इथं? आत्ता मघाशी मी निरूपणात 'उपाधी' म्हणालो, सगळ्यांच्या माना डोलल्या! देवाच्या दारातसुद्धा "मला कळलं नाही" म्हणवत नाही, तर मग कुठं म्हणणार?

चला, टाळ घ्या...

काय म्हणता, काकू? उपाधी म्हणजे काय?

वा! ठेवा रे टाळ खाली. भजन मागाहून.