कापडाचे पंख

धाडच्या एसटी स्टँडवर माझ्या मागच्या बाकड्यावर आत्या-भाची बोलत बसल्या होत्या.

"सारिका, लढाईचं विमान अन् कापडाचं?"

"हाव आत्या. लई जुनं हाय थे. लाकडाच्या सांगाड्यावर कापड. आमच्या कारखान्यात जुनी विमानं दुरुस्त करतेत; त्याचे पंख आम्ही नव्यानं शिवले."

"मशीनवर?"

"नाई, हातानं. हर टाक्याले येगळी गाठ. तू वाकळीले मारते तशीच."

"म्हंजे एक तुटला तरी दुसरा उसवत नाई."

"हाव, म्हणूनच."

"मंग, उडालं?"

"उडालं ना! आत माणूस बसला होता."

"पंख दोऱ्यानं शिवले, हे त्याले मालूम होतं?"

"होतं. चढायच्या आधी त्यानं माह्या शिवणीवरून हात फिरवला, अन् मंग बसला."

"माय वं!"

"आत्या, बस लागली. दे थे पिशवी."

"राहू दे. पिशवी मी घेते. तू हात जप."