दर पंधरा मिनिटांनी

हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये चहाच्या रांगेत उभ्या असलेल्या एका काकूंना घरी जायची मुळीच घाई नव्हती. पुढच्या दोन नर्सेसचं बोलणं त्या कान देऊन ऐकत होत्या.

"सात नंबरच्या आजोबांचे हात सोडलेस ना?"

"हो ताई, सकाळीच पट्टे काढले. आता भानावर आहेत, नळी ओढत नाहीत."

"मग तोंड का पाडलंयस?"

"आजोबाच परत बांध म्हणतात."

"काहीतरीच काय!"

"बांधलेले होते तेव्हा दर पंधरा मिनिटांनी जावं लागायचं. पट्ट्याखाली दोन बोटं घालून बघायचं, मनगट चोळायचं, पाणी हवंय का विचारायचं. सुटल्यापासून मी एकदाच फिरकले."

"घरचं कुणी?"

"नाही."

"मग काय म्हणालीस त्यांना?"

"काय म्हणणार? दोन्ही मनगटं पुढे करून बसलेत."