पायांत सपाता, बॅगेत फोन

जन्मभर लोकांना खिडकीपुढे ताटकळत ठेवलेल्या पोस्टमास्तरांच्या नशिबी सहलीच्या बोटीवरून उतरल्यापासून ही तिसरी रांग आली होती. विमानाचा अजून पत्ता नव्हता. पुढे त्यांच्याच बोटीवरचं एक जोडपं उभं होतं. नवऱ्याच्या पायांत केबिनमधल्या पांढऱ्या सपाता.

"लोक बघतायत तुमच्या पायांकडे."

"बघू देत. बॅगा रात्रीच दाराबाहेर ठेवा म्हणाले, त्यात बूटही गेले. त्या परस्पर विमानात चढणार, आता घरी विमानातून उतरल्यावरच मिळणार."

"आईला कळवायला हवं उशीर होतोय म्हणून. जेवायची थांबून राहील ती. तुमचा फोन द्या."

"बॅटरी संपलीय."

"मघाशी तर त्यात वेळ बघितलीत."

"तेवढीच होती."

"आणि माझाही नेमका बॅगेत!"

"मीच टाकला. हरवायला नको म्हणून."

पोस्टमास्तरांनी उगाचच पासपोर्ट उघडून वाचायला घेतला.

"स्वतःचे बूट मागे ठेवायचं भान नव्हतं, आणि माझा फोन मात्र आठवणीनं भरलात?"

"हळू बोल."

"अहो, इकडे बघा. काय झालंय?"

"घरी गेल्यावर सांगणार होतो."

"आत्ता सांगा."

"काल दुपारी तुझ्या दादाचा फोन आला होता. तू वरच्या डेकवर तलावात पोहायला गेली होतीस. आई गेल्या."

रांग पुढे सरकली. पोस्टमास्तर जागचे हलले नाहीत.

"भर समुद्रात होतो गं. काय करणार होतो आपण?"

"काल रात्री मी नाचले. तुम्ही टाळ्या वाजवत होतात."