दुसऱ्या कपातल्या चिठ्ठ्या

तिंका : एवढंच सांग ताई, ‘रोज तीनशे शब्द, रविवारी सुट्टी नाही’ हे कुठलं भविष्य म्हणायचं?

गेरगिना : आधी दार लाव. धुकं आत येतंय.

तिंका : लावलं. आता बोल.

गेरगिना : ते वाक्य तुला कुठे मिळालं?

तिंका : मला नाही, मेतोदीला. आपल्या बसवाल्याला. एकतीस तारखेला दुपारी वाचनालयात सालाबादप्रमाणे नव्या वर्षाची बनित्सा, चीज भरलेली, भाजून कापली. तू आली नाहीस, डोकं दुखतंय म्हणालीस. अकरा माणसं, तुझा धरून बारा तुकडे, प्रत्येकात एक चिठ्ठी. चीज पुसून जो तो आपलं वर्ष कसं जाणार ते मोठ्याने वाचायला लागला. मेतोदीवर सगळे पोट धरून हसले. मग नगराध्यक्षबाईंना निघालं, ‘पहाटे साडेपाचला उठायचं, आळशी बाई.’ त्याला मात्र कुणी हसलं नाही.

गेरगिना : माझ्याकडे पत्र्याचे दोन कप होते.

तिंका : कसले कप?

गेरगिना : एकात तुमच्या चिठ्ठ्या. आरोग्य, प्रवास, नातू, नवं छप्पर, तेच ते. दुसऱ्यात माझे लिखाणाचे संकल्प. दर नव्या वर्षाला एक कागद लिहायची, अकरा वर्षांचे साठले होते. परवा सगळे कात्रीने कापले. म्हटलं, चुलीत टाकू.

तिंका : आणि टाकलंस काय?

गेरगिना : तुमचं आरोग्य आणि तुमचे नातू, असं दिसतंय.

तिंका : अगं, दरवर्षी तूच लिहितेस म्हणून मी कप उघडूनही बघितला नाही. डोळे मिटून गुंडाळल्या आणि खोचल्या पिठात. पण संकल्प कापायचं काय अडलं होतं?

गेरगिना : या वर्षी नाही करायचे. पुढेही नाही. बंद.

तिंका : हवेमुळे होतं असं. तीन आठवडे सूर्य नाही, नदीचा समोरचा किनारा दिसत नाही. माझ्या घरात तर मांजरही भिंतीकडे तोंड करून बसतं.

गेरगिना : हवेचं काही नाही. ऑक्टोबरात अँगेल गेला. भावाच्या निधनाची सूचना लिहायला मला दहा मिनिटं लागली. स्वल्पविराम तपासला. खाली जाऊन दारावर चिकटवली, वर आले, सूप गरम केलं. तेव्हापासून असंच आहे. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल असतो ना, तसं. हात लावला तर कळतं की काहीतरी आहे. बास.

तिंका : मला बोलली नाहीस.

गेरगिना : बोलण्यासारखं वाटलं असतं तर बोलले असते. चहा घेतेस?

तिंका : घेते. साखर मी घालीन, तू विसरतेस. मेतोदीचं ऐक तरी. त्याला वाटलं, तीनशे शब्द बोलायचे. आता हा माणूस वर्षाकाठी तीनशे बोलत असेल तर शपथ. काल त्याने बायकोला स्वयंपाकघरात बसवलं आणि बोटांवर शब्द मोजत बोलला. लग्नाच्या आधीची कुठलीशी सायकल, ती कुणी चोरली, सगळं. तिने मला फोन करून विचारलं, हे वर्षभर टिकेल ना?

गेरगिना : तिला सांग, चूक झाली. सगळ्यांना सांग. मी नव्या चिठ्ठ्या लिहून देते.

तिंका : नगराध्यक्षबाईंना आनंदाने सांगेन. गांचोकाकांना नाही सांगू शकत.

गेरगिना : त्यांना काय निघालं?

तिंका : तुला ठाऊक असणार. तूच लिहिलंयस.

गेरगिना : अकरा वर्षांचं लिहिलंय मी. कुठलं?

तिंका : ‘या वर्षी बाबांचं प्रकरण. सबब नको.’

गेरगिना : ते अकराही कागदांवर होतं.

तिंका : त्यांनी मोठ्याने वाचलं नाही. मी वाकून बघितलं. चिठ्ठी घडी करून चष्म्याच्या घरात ठेवली आणि उरलेली बनित्सा तशीच टाकून निघून गेले. आज सकाळी बघते तर वाचनालयाच्या पायरीवर उभे. एकोणऐंशी वर्षांचा माणूस, त्या बर्फाच्या चिखलात. म्हणाले, चौकटीची वही आहे का. मी विचारलं, कशाला काका? तर म्हणाले, बाबांना पोलिसांनी नेलं तेव्हा मी सहा वर्षांचा होतो, आजवर एका माणसाला सांगितलं नाही, पण आता चिठ्ठीतच आलंय तर काय करणार.

गेरगिना : त्यांना सांग, तिंके. ती चिठ्ठी त्यांची नव्हती.

तिंका : तू सांग. मी जोडे घालायला मदत करते तुला.

गेरगिना : मला नाही जमणार.

तिंका : मग ऐक पुढचं. त्यांनी विचारलं, सुरुवात कुठून करायची असते? मी आपली ग्रंथपाल, मला पुस्तकं कुठे ठेवायची ते कळतं. मी म्हटलं, गेरगिनाताईंना विचारून सांगते. गुरुवारी अकराला या, त्या असतील.

गेरगिना : मला न विचारता?

तिंका : तुला विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस. हा घे तुझा तुकडा. तुझ्यासाठी काढून ठेवलेला. चिठ्ठी आतच आहे, मी हात लावला नाही.

(गेरगिना तुकडा फोडते. कागद उलगडते, उलटा करते, पुन्हा सरळ करते.)

तिंका : काय आलं?

गेरगिना : कागदाचं वरचं टोक आहे. ‘नवं वर्ष. गेरगिना.’ आणि खाली काही नाही.

तिंका : बघू. खरंच की. कोरं.

गेरगिना : चीज शिळं झालंय.

तिंका : दोन दिवसांचं आहे, होणारच. मग काकांना काय सांगू? की काहीच नको सांगू?

गेरगिना : सांग, बाप घरातून शेवटचा निघाला तेव्हा पायात काय होतं, तिथून सुरू करा. सहा वर्षांच्या पोराला पायच दिसतात. रडू, अन्याय, सरकार, ते सगळं नंतर. आधी पाय.

तिंका : थांब, लिहून घेते. आधी पाय. आणि तुझ्या बाबांच्या काय होतं?

गेरगिना : तुला काय करायचंय?

तिंका : काही नाही. अकरा वर्षं कागदावर होतं म्हणालीस, म्हणून विचारलं.

गेरगिना : रबरी बूट. धक्क्यावर सगळ्यांना तेच मिळायचे, हिरवे.

तिंका : बरं.

गेरगिना : डाव्याचा तळ झिजून गुळगुळीत झाला होता. शनिवारी त्यांनी माझ्याकडे दिला, चांभाराकडे टाक म्हणाले. मी पंधरा वर्षांची होते, मैत्रिणीकडे गेले. सोमवारी सकाळी त्यांनी तोच घातला. धक्क्यावर बर्फ होता, खाली नदी.

तिंका : ताई.

गेरगिना : रागावलेही नाहीत मला. दारात बूट उलटा करून बघितला, आणि घातला.

तिंका : अँगेलला ठाऊक होतं?

गेरगिना : नाही. तो असेपर्यंत लिहिता येत नव्हतं. तो गेल्यावर वाटलं, आता कुणासाठी.

तिंका : तुझा चहा गार झाला. दुसरा करू?

गेरगिना : राहू दे, हाच पिते. गुरुवारी तिथे शेगडी असेल का?

तिंका : घरून आणेन माझी. आणि वह्या. काकांची चौकटीची.

गेरगिना : माझी रेघांची आण.