मैदानाकडं पाठ

आमच्या हिंगोलीत राज्याची कबड्डी भरली ना, तवा मी अन् आमचे मेंढपाळ आबा, दोघंबी स्वयंसेवक. फायनलला गर्दी पार रेघेवर आली. पंच खेकसले, "मागं सरकवा, न्हाईतर सामना बंद!" मी ओरडून थकलो. आबांनी काठी आडवी धरली अन् मेंढरं वळवावीत तसं हळूच "हुर्र" केलं. सारी गर्दी गुमान मागं सरून खाली बसली.

घरी येताना इचारलं, "आबा, शेवटची चढाई कशी वाटली?"

"म्या कुठं पाहिली? कळपाकडं पाठ करत न्हाईत."

"मंग एवढा वेळ काय पाहून राहिले होते?"

"लोकांचे डोळे," आबा हसले. "तिकडं गडी दम घेऊन निघाला, की इकडं समदे श्वास धरीत. सिद्धेश्वर धरणाचं पहाटंचं पाणीबी एवढं गप नसतं, लेकरा."