अप्पांना नाव घेऊन हाक

हसू नका, पण हरवलेला माणूस शोधायचं रीतसर ट्रेनिंग झालंय माझं. बहात्तर साल असंल. आमी मिलमधले स्वयंसेवक दर रविवारी मोहोळच्या वाटंवर माळावर जायचो. सरावात हरवलेला जखमी व्हायला शिवलिंगअप्पा कायम तयार. वयानं मोठे, एकटा जीव, खोलीवर परतायची घाई न्हाय. ओढ्याकडंला लपायचं आन् हाक ऐकली की ओ द्यायची, एवढंच काम.

एका रविवारी आमी "ओ अप्पा" करत निघालो, तर शिकवणारे मास्तर खेकसले, "अप्पा काय? सोलापुरात दगड भिरकावला तर अप्पालाच लागतो. नाव घेऊन हाका मारा!"

वडीलधाऱ्याचं नाव घ्यायला जीभ रेटंना. तरी घेतलं. "शिवलिंग! ए शिवलिंग!" दुपारपर्यंत सगळा माळ पालथा घातला, पण ओ न्हाय. शेवटी अप्पा एका बाभळीमागं डोळे मिटून पडलेले सापडले.

मास्तर भडकले. "हाका ऐकू आल्या न्हाईत?"

"आल्या की."

"मग ओ का दिली न्हाय?"

अप्पा धोतर झटकत उठले. "आई गेल्यापासनं माझं नाव कुणी घेतलं न्हवतं, मास्तर. ओ दिली असती तर हाका थांबल्या असत्या."

पुढच्या रविवारी बाभळीमागचा अप्पांचा पटका लांबनंच दिसत होता. आमी सगळे उलट्या बाजूला हाका मारत निघालो. सगळ्यात मोठा आवाज मास्तरांचा होता.