टेबलाखालची आठवी

...आणि वर नणंदबाई फोनवर मलाच सांगायच्या, “अगं, मजाच की तुझी! घरातल्या घरात शाळा, पोरं डोळ्यांसमोर!” डोळ्यांसमोर? तुम्हाला सांगते, डोळ्यांसमोर, डोक्यावर आणि शिलाई मशीनच्या पायडलवरसुद्धा! थोरली तेरा वर्षांची, मधला नऊचा, धाकटी पाचाची. पोरं तीन, इयत्ता तीन, आणि बाई एक!

आता तुम्ही विचाराल, कुणी सांगितलं होतं? कुणी नाही हो, माझ्या जिभेनं. शाळेच्या मुख्याध्यापकांनी सगळ्या पालकांसमोर मला ऐकवलं, “तुमचा मधला मंद आहे.” मंद! पोर बाजूला उभं, ऐकतंय... माझं डोकंच फिरलं. म्हटलं, “तिघांनाही घरी शिकवते, वर्षानं बघा!” घरी आल्यावर नवऱ्यानं काय केलं? वर्तमानपत्र उघडून बसला. वर्ष झालं, अजून तेच पान वाचतोय!

पडदे शिवते मी. लांबलचक टेबल, एका टोकाला पडदे, दुसऱ्या टोकाला शाळा. थोरलीला बीजगणित समजवायला घ्यावं, तेही मी स्वतः आदल्या दिवशी कसंबसं शिकलेलं, तर धाकटीला शू, तेवढ्यात दारात गिऱ्हाईक, “ताई, झालर झाली का?” कसली झालर? झालरीवर धाकटीनं खडूनं ब बदकाचा काढून ठेवलाय! आणि मधला? टेबलाखाली. रोज. चिंध्यांच्या ढिगात पाय पसरून. चौथीचं पुस्तक पुढे धरलं की जांभई. ओरडले, हातापाया पडले, एकदा तर रडलेसुद्धा, खोटं कशाला सांगू? कारण मनात यायचंच हो... तो माणूस म्हणाला ते खरं असलं तर? पण रडायला तरी सवड कुठे? पोरं तीन, इयत्ता तीन, आणि बाई एक!

आणि अशात वर्ष संपलं, घरी शिकणाऱ्या पोरांची परीक्षा घ्यायला शिक्षण खात्याच्या तपासणीच्या बाई आल्या. आता मधला नापास झाला की तो शब्द त्याला जन्माचा चिकटणार, मला ठाऊक होतं. धाकटीचं झकास झालं. मधला टेबलाखालून निघेना, तर बाईच खाली वाकल्या. चौथीचा पहिला प्रश्न... हा चिंध्या चिवडतोय. दुसरा... जांभई! बाईंनी फॉर्मवर काहीतरी लिहिलं, थोरलीकडे वळल्या, तिला समीकरण घातलं. ती पेन्सिल शोधतेय, तर खालून आवाज, “एक्स बरोबर सात.” बाईंनी दुसरं घातलं. “उणे तीन.” तिसरं, चौथं... सगळी! म्हणजे वर्षभर मी याच्यासाठी घसा फोडत होते, आणि हा मेला थोरलीचा वर्ग ऐकत होता! बाईंनी चष्मा पुसला, म्हणाल्या, “चौथीत नापास, आठवीच्या गणितात पास. माझ्या फॉर्ममध्ये याला रकाना नाही हो.” पण समासात लिहून दिलं तसं.

तो कागद घेऊन मी तडक शाळेत. वाटेत भांडण पाठ करत, एकेक वाक्य असं की माणूस खुर्चीतून उठू नये! कागद आपटला मुख्याध्यापकांच्या टेबलावर. त्यांनी वाचला, परत वाचला, आणि हळूच म्हणाले, “माझं चुकलं, बाई. त्याला मी स्वतः सांगेन. उद्यापासून तिघांना पाठवा.” घ्या! आता भांडू कुणाशी? वर्षभराचा राग, तो काय पिशवीत घालून परत आणायचा? मंद म्हणाला तेव्हाही आला नव्हता इतका राग आला मला त्या माणसाचा!

पण सुटले बाई एकदाची, म्हटलं. घरी येऊन सांगितलं. दोघी नाचल्या. मधला म्हणाला, “मी नाही जाणार. तिथं एका वेळी एकच वर्ग ऐकू येतो.”

बोला आता! दोघी शाळेत जातात, हा टेबलाखाली. समोर बसवून शिकवावं, तर जांभई. मग करते काय? रोज सकाळी थोरलीच्या रिकाम्या खुर्चीला मोठमोठ्यानं नववीचं गणित शिकवते. गिऱ्हाइकं दाराशी येतात, बघतात, पडदे न मागताच निघून जातात. आणि खुर्चीचं, तुम्हाला सांगते, अजिबात लक्ष नसतं.